तो कागद परत आला पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकात इस्रो आणि खासगी रॉकेट कंपन्या या विषयावर दोन पत्रं आली. एका वाचकाचं म्हणणं, इस्रोने आता फक्त संशोधन करावं आणि रॉकेट बांधायचं काम कंपन्यांवर सोपवून मोकळं व्हावं, कारण अमेरिकेत खासगीने सरकारशिवाय करून दाखवलं. दुसऱ्यांचं म्हणणं, साठ वर्षं घाम गाळून उभं केलेलं हे वैभव सरकार विकायला निघालंय. दोघांचीही कळकळ खरी आहे. पण दोघंही कारखान्याच्या गेटवरची पाटी वाचून बोलताहेत. मी बत्तीस वर्षं गेटच्या आत, तपासणीच्या टेबलापाशी काढली. तिथून हा विषय कसा दिसतो ते लिहिते आहे. पत्र लांबलंय, तरी शक्य असेल तर कापू नये ही विनंती.

१९८७ साली मेटलर्जीचा डिप्लोमा हातात घेऊन मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागले आणि २०१९ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. चाळीस-पंचेचाळीस माणसांचा कारखाना. रोजचं काम पंपांचं, ट्रॅक्टरचं, साखर कारखान्यांच्या सुट्या भागांचं. वर्षातून दोन-तीनदा रॉकेटचं काम यायचं, कधी थेट, कधी एखाद्या मोठ्या कंपनीमार्फत. रिंगा, फ्लँज, व्हॉल्व्हच्या बॉड्या. ते काम आलं की लेथवरचा रेडिओ आपोआप बंद व्हायचा. कोणी सांगावं लागत नसे.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की आपलं रॉकेट निव्वळ सरकारी कधीच नव्हतं. वालचंदनगर म्हटलं की आपल्याला साखर कारखान्यांची यंत्रं आठवतात. पण पीएसएलव्ही या इस्रोच्या उपग्रह नेणाऱ्या रॉकेटच्या पहिल्या टप्प्याची २.८ मीटर व्यासाची पोलादी कवचं इंदापूर तालुक्यातल्या त्याच गावात वेल्ड झाली. त्यातलीच द्रव इंधनावरची विकास इंजिनं विक्रोळीत गोदरेजमध्ये तयार झाली. पवईच्या लार्सन अँड टुब्रोचं इस्रोशी नातं १९७०च्या दशकापासूनचं. सतीश धवन इस्रोचे अध्यक्ष असताना त्यांनी जाणूनबुजून हे काम बाहेरच्या कारखान्यांत नेलं. आणि या सगळ्या कवचांत जे घन इंधन भरायचं, त्याचा पाया घालणाऱ्यांत पुण्याचे वसंत गोवारीकर होते, जे १९७९ ते १९८५ या काळात तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. हात खासगी कारखान्यांचे होते, पगार कोणी कुठूनही घेत असो.

मग सरकारचं त्यात काय होतं? पैसा होता, जमीन होती, श्रीहरिकोटा होतं. पण माझ्या मते सगळ्यांत मोलाची गोष्ट वेगळीच होती, आणि ती मी माझ्या टेबलावर पाहिली.

१९९६चा मे महिना. बारा रिंगांचं काम होतं. जेवणाच्या ताटाएवढा व्यास, दोन बोटं जाडी, खास पोलादाच्या फोर्जिंगमधून, म्हणजे घडाई केलेल्या तुकड्यातून, काढायच्या. लेथवर आमचे मामा होते. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. त्यांच्या हातच्या जॉबवर मायक्रोमीटर लावायचा तो निव्वळ नियम म्हणून. तीन आठवडे चाललेलं काम शुक्रवारी दुपारी माझ्याकडे आलं, आणि सोमवारी निरीक्षकांनी पाहून शिक्का मारला की माल तिरुवनंतपुरमला निघणार होता.

मापं सगळी बसली. मग डीपी, म्हणजे रंग वापरून बारीक तडा शोधायची चाचणी. ज्यांनी ही चाचणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. जॉब आधी क्लीनरने लख्ख पुसायचा, बोटाचा तेलकट ठसासुद्धा चालत नाही. मग त्यावर लाल रंगाचा पातळ द्रव फवारायचा आणि पंधरा मिनिटं हात न लावता बसायचं. डोळ्यांना न दिसणारी फट असली तर रंग आपणहून आत ओढला जातो. मग वरचा रंग फडक्याने टिपून घ्यायचा. घाईने क्लीनर थेट जॉबवर फवारला तर फटीतला रंगही धुऊन जातो आणि तडा असलेला जॉब पास होतो. नवीन मुलाच्या हाताला हे वळण लागायला सहा महिने जातात. शेवटी पांढऱ्या पावडरीचा हलका फवारा. आणि पुन्हा थांबायचं.

सातव्या रिंगेवर, आतल्या कडेला, जिथे मामांनी गोलाई दिली होती तिथे, पांढऱ्यावर लाल ठिपका उमटला. सुईच्या टोकाएवढा. बघता बघता तो लांबला आणि गव्हाच्या दाण्याएवढी रेघ झाली. मी सगळं पुसून पहिल्यापासून पुन्हा केलं. तीच रेघ, त्याच जागी.

मालकांचे चिरंजीव तेव्हा नुकतेच कारखान्यात येऊ लागले होते. ते म्हणाले, "मॅडम, जरा एमरी मारली की जाईल ती." एमरीने रेघ जाते, हे खरंच आहे. तडा मात्र आहे तिथेच राहतो. घासलेला धातू त्याच्या तोंडावर पसरतो आणि पुढच्या चाचणीत लाल रंगाला आत शिरायला वाट राहत नाही. मी नाही म्हटलं. मालक स्वतः येऊन रेघ बघून गेले आणि म्हणाले, "सोमवारी दाखवा त्यांना."

सोमवारी निरीक्षक आले. पन्नाशीचे मल्याळी गृहस्थ होते. त्यांनी स्टूल ओढलं, भिंग काढलं आणि दहा मिनिटं ती रेघ पाहिली. मी बोलणी खायच्या तयारीत उभी होते. ते एवढंच म्हणाले, "यहाँ मिला, अच्छा हुआ." मग हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ओतणीचा नंबर, विचारला. त्याच फोर्जिंगच्या आणखी सहा रिंगा निघाल्या. सातही बाजूला ठेवल्या. रजिस्टरमध्ये नोंद झाली, फोटो चिकटवला, सातवी रिंग ते सोबत घेऊन गेले.

मामा तीन महिने दर सोमवारी मला विचारत होते, "मॅडम, आपल्या रिंगेचा कागद आला का?" त्यांच्या मनाला लागलं होतं, आपल्या हातून गोलाई देताना काही चुकलं का, हा घोर त्यांना होता. ऑगस्टमध्ये कागद आला. तिकडे रिंग कापून पाहिली होती. तडा लेथवरचा नव्हता. घडाई करताना पोलादाचा थर दुमडून आत दाबला गेला होता. कागदावर कापलेल्या भागाचा मोठा केलेला फोटो होता, आणि खाली घडाईची कोणती पायरी बदलायची ते लिहिलेलं. मी तो मामांना मोठ्याने वाचून दाखवला. पुढच्या लॉटपासून फोर्जवाल्याने ती पायरी बदलली, आणि पुढची बावीस वर्षं त्या प्रकारची रेघ मला पुन्हा दिसली नाही.

माझ्या मते सरकारने रॉकेटमध्ये घातलेली खरी पुंजी ती हीच: परत येणारा कागद. चूक सापडली की ती खालून वर जायची, आणि कारण वरून खाली यायचं. भोसरीतल्या टर्नरपर्यंत.

उड्डाणं फसली तेव्हाही पुष्कळदा असंच झालं. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३, म्हणजे उपग्रह नेणारं आपलं पहिलं रॉकेट, पहिल्याच उड्डाणात समुद्रात पडलं. त्या दिवशी धवन पत्रकारांसमोर स्वतः उभे राहिले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की कारण देशाला सांगितलं गेलं: दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतला एक व्हॉल्व्ह बिघडला आणि त्यातून नायट्रिक आम्ल गळून गेलं. वर्ष उलटायच्या आत, १८ जुलै १९८० ला, त्याच प्रकारचं दुसरं रॉकेट रोहिणी उपग्रह घेऊन कक्षेत पोहोचलं. पुढे त्याचंच वाढवलेलं रूप, एएसएलव्ही, १९८७ आणि १९८८ मध्ये लागोपाठ दोनदा पडलं. पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण २० सप्टेंबर १९९३ ला फसलं. संसदेत प्रश्न विचारले गेले, वर्तमानपत्रांनी झोडपलं, आणि तरी काम चालू राहिलं. इतकं अपयश पोटात घालण्याची ऐपत त्या काळात आपल्या देशात कुठल्याही खासगी मालकाकडे नव्हती. आमच्या मालकांना सात रिंगांचा फटका सोसायला दोन वर्षं लागली होती.

अगदी अलीकडेही ही सवय होती. १२ ऑगस्ट २०२१ ला जीएसएलव्ही-एफ१० चं क्रायोजेनिक इंजिन पेटलंच नाही. इस्रोने नंतर सांगितलं की द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीचा दाब राखणाऱ्या व्हॉल्व्हचं मऊ सील दुखावलं होतं, त्यातून गळती झाली. ७ ऑगस्ट २०२२ ला छोटं एसएसएलव्ही पहिल्याच उड्डाणात चुकलं. सरकारी शाळांतल्या ७५० मुलींनी मिळून केलेला उपग्रह त्यात गेला. त्याचंही कारण बाहेर आलं: दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्याने वेगबदल मोजणारी उपकरणं क्षणभर गोंधळली आणि संगणकाने ती बिघडलीच असं धरलं. मी निवृत्त झाल्यावरही हे सगळं समजून घेत बसले होते. वाचलं की कळतं, की पुढच्या वेळी कुठे बोट ठेवायचं.

आता खासगीकडे वळते. जे चांगलं आहे ते मोकळ्या मनाने म्हटलं पाहिजे. अमेरिकेतल्या स्पेसएक्सचं पहिलं रॉकेट, फाल्कन-१, २४ मार्च २००६ ला पॅसिफिकमधल्या एका बेटावरून उडालं आणि अर्ध्या मिनिटात पेटलं. कारण निघालं ॲल्युमिनिअमची एक नट. बेटावरच्या खाऱ्या हवेत ती गंजून तडकली आणि इंधन गळलं. वरचा उपग्रह त्याच बेटावरच्या एका शेडचं छप्पर फोडून खाली आला. दुसरं उड्डाण गेलं, तिसरं गेलं. २८ सप्टेंबर २००८ ला चौथं यशस्वी झालं. एवढं धैर्य कौतुकास्पदच. पण त्या पहिल्या उड्डाणाचे पैसे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे होते, आणि चौथ्यानंतर तीन महिन्यांच्या आत, डिसेंबर २००८ मध्ये, नासाने अंतराळस्थानकावर माल पोहोचवायच्या बारा फेऱ्यांचं १६० कोटी डॉलरचं काम त्या कंपनीला दिलं. "खासगीने सरकारशिवाय करून दाखवलं" असं जे पहिल्या पत्रात लिहिलंय ते म्हणून बरोबर नाही.

उलट बाजूनेही तसंच. नासाने २०११ मध्ये हिशेब केला की फाल्कन-९ त्यांनी आपल्या जुन्या पद्धतीने करवून घेतलं असतं, तर जवळजवळ ४०० कोटी डॉलर लागले असते. कंपनीने ते सुमारे ३० कोटींत केलं. हा फरक डोळ्यांआड करून चालणार नाही. आणि नासाचं स्वतःचं महाकाय एसएलएस रॉकेट २०१६ अखेर तयार व्हायचं ते उडालं १६ नोव्हेंबर २०२२ ला. वरचं यान आणि जमिनीवरची व्यवस्था धरून पहिल्या चार मोहिमांची एकेक फेरी ४१० कोटी डॉलरला पडणार, असं नासाच्याच महानिरीक्षकांनी अमेरिकी संसदेला सांगितलं. आता गंमत अशी, की या 'सरकारी' रॉकेटचा मुख्य भाग बांधला बोईंगने, म्हणजे खासगी कंपनीनेच. फरक कराराचा होता. एकीकडे ठरलेली रक्कम, ठरलेलं काम. दुसरीकडे जेवढा खर्च होईल तेवढा द्यायचा आणि वर नफा. कारखानदारीत ज्याने एक वर्ष काढलंय त्याला सांगावं लागणार नाही, की दुसऱ्या प्रकारात काम कधी संपत नाही.

मग ठरलेल्या रकमेचा करार सगळीकडे करावा का? करावा. पण त्यात एक धोका असतो आणि तो नेमका माझ्या टेबलावर येऊन बसतो. रक्कम ठरली की पहिली कात्री तपासणीला लागते, कारण तपासणीतून काही 'बनत' नाही.

२८ जून २०१५ ला फाल्कन-९ स्थानकाकडे माल घेऊन निघालं आणि सव्वादोन मिनिटांनी आकाशात फुटलं. दुसऱ्या टप्प्याच्या टाकीत हेलियमची बाटली धरून ठेवणारी एक पट्टी तुटली होती. दहा हजार पौंड भार सोसेल अशी तिची हमी होती. तुटली ती सुमारे दोन हजारांवर. नासाच्या चौकशीत पुढे निघालं की तिचं टोक साध्या औद्योगिक दर्जाच्या ओतीव पोलादाचं होतं, आणि ते वापरताना चारपट जादा ताकद धरा असं बनवणाऱ्याने सांगितलेलं पाळलं नव्हतं. हे मला कसं कळलं? नासाने त्याचा सारांश २०१८ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला म्हणून.

याहून मला हलवून गेलेली गोष्ट अमेरिकेतल्याच टॉरस-एक्सएल रॉकेटची. २००९ मध्ये त्याने पृथ्वीवरच्या कार्बनचा माग काढणारा उपग्रह नेला, २०११ मध्ये ग्लोरी नावाचा. दोन्ही वेळा नाकावरचं कवच उघडलंच नाही आणि दोन्ही उपग्रह समुद्रात गेले. सत्तर कोटी डॉलरहून जास्त नुकसान. अमेरिकेचे तपास अधिकारी वर्षानुवर्षं मागे लागले आणि २०१९ मध्ये नासाने सांगितलं: कवच सोडवणाऱ्या जोडाला ॲल्युमिनिअम पुरवणारा एक कारखाना एकोणीस वर्षं ताण-चाचणीचे आकडे बदलून टेस्ट सर्टिफिकेट देत होता. धातू कमी दर्जाचा, कागद उत्तम.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, कारण असाच एक कागद माझ्यापुढे आला होता. काम रॉकेटचं नव्हतं, एका खासगी ग्राहकाच्या दाबाखालच्या पाइपचं होतं. व्यापाऱ्याने रॉडसोबत टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, दिला, तोही झेरॉक्स. हीट नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांची शाई वेगळी होती आणि ते आकडे ओळीपेक्षा केसभर वर बसले होते. रॉडवर ठोकलेला नंबर घासलेला. मी मूळ प्रत मागितली. मला सांगण्यात आलं की उद्या गाडी निघायची आहे, सही करा. मी केली नाही. दुसऱ्या कोणाची तरी सही घेऊन माल गेला, आणि मला आठ महिने स्टोअरमध्ये बसवलं. त्या पाइपचं पुढे काही झालं नसेल, देव करो नसेलच झालं. पण ज्या कामात सोमवारी बाहेरचा निरीक्षक स्टूल ओढून बसायचा, त्या कामात मला सही करा असं कोणी एकदाही म्हणालं नाही. तोच कारखाना, तेच मालक, तीच मी.

आज आपल्याकडे चित्र झपाट्याने बदलतंय आणि मला त्याचा आनंद आहे. २०२० मध्ये सरकारने दार उघडलं, खासगी कंपन्यांना परवाने देणारं इन-स्पेस स्थापन झालं, २०२३ मध्ये अंतराळ धोरण आलं. १८ नोव्हेंबर २०२२ ला हैदराबादच्या स्कायरूटचं विक्रम-एस ८९.५ किलोमीटर उंच गेलं. ३० मे २०२४ ला चेन्नईच्या अग्निकुलने श्रीहरिकोटातल्या आपल्या स्वतःच्या तळावरून रॉकेट सोडलं, एकाच तुकड्यात छापून काढलेल्या इंजिनावर. त्याआधी चार वेळा त्यांनी उड्डाण थांबवलं होतं, आणि त्या थांबवण्याचं मला उड्डाणापेक्षा जास्त कौतुक वाटलं. ती पोरं माझ्या मुलाच्या वयाची आहेत. पाच पीएसएलव्ही बांधायचं ८६० कोटींचं काम २०२२ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रोला मिळून दिलंय. एसएसएलव्हीचं तंत्रज्ञान २०२५ मध्ये बोली लावून हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ५११ कोटींना घेतलं. ज्यांना 'विकलं' वाटतंय त्यांनी ध्यानात घ्यावं, की हिंदुस्तान एरोनॉटिक्स हीसुद्धा सरकारीच कंपनी आहे.

आणि रॉकेट कोणाचंही असो, ते दुसऱ्या देशात कोणाच्या घरावर पडलं तर आंतरराष्ट्रीय करारांप्रमाणे जबाबदारी भारताची आहे. भरपाई आपल्याच करातून जाणार. तेव्हा ते का पडलं, हे विचारायचा हक्क आपल्याला पाटी न बघता आहे.

म्हणून माझी मागणी एकच आहे. इन-स्पेसने परवाना देताना, आणि इस्रोचं तंत्रज्ञान कोणालाही देताना, करारातच अट घालावी: उड्डाण फसलं तर ठरलेल्या मुदतीत, फार तर सहा महिन्यांत, कारण लोकांसमोर येईल. इंजिनाची गुपितं उघडी करा असं मी म्हणत नाही. कोणता भाग, कुठे निकामी झाला, तो कोणत्या चाचणीतून निसटला आणि ती चाचणी आता कशी बदलली, एवढं पुरे. दोन पानांत बसतं. आमच्या रिंगेचं एका पानात बसलं होतं. आणि तपासणारा माणूस बांधणाऱ्याच्या पगारावर नसावा. ही अट इस्रोलाही तितकीच लागू हवी.

इस्रोलाही म्हणते, ते मुद्दाम. १८ मे २०२५ च्या पहाटे मी सहाच्या आधी उठून टीव्ही लावला होता. पीएसएलव्ही-सी६१ निघालं, पहिले दोन टप्पे बरोबर झाले. तिसऱ्या टप्प्यात पडद्यावरची उंचीची रेघ ठरलेल्या रेघेपासून सुटून खाली झुकू लागली. निवेदक बोलत राहिले. मी स्वयंपाकघरात यजमानांना हाक मारून म्हटलं, "गेलं ते." अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी त्याच सकाळी सांगितलं, की तिसऱ्या टप्प्याच्या मोटारीतला दाब उतरला. समिती नेमली गेली. समितीचा अहवाल लोकांसमोर न येताच १२ जानेवारी २०२६ ला पीएसएलव्ही-सी६२ उडालं, आणि पुन्हा तिसऱ्याच टप्प्यात बिघडलं. या वेळी संरक्षण संशोधनाच्या उपग्रहासोबत नवख्या भारतीय कंपन्यांचेही छोटे उपग्रह गेले. ज्या पीएसएलव्हीने १९९४ पासून आपलं नाव जगात केलं, त्याच्याबाबतीत हे व्हावं याचं मला घरातलं कोणी आजारी असल्यासारखं दुःख आहे.

खासगी कंपन्यांना धडा घालून द्यायचा तर तो इस्रोनेच द्यायला हवा, आणि इस्रोला तो कोणाकडून शिकायचा नाही. भोसरीच्या एका टर्नरला एका रिंगेचं उत्तर देणारी हीच संस्था होती. आज देशभर शेकडो लहान कारखान्यांत कोणी ना कोणी हातात लाल फवारा घेऊन बसलेलं आहे. ज्या पोरांनी काल-परवा या धंद्यात पाऊल टाकलं, त्यांना सी६१ आणि सी६२ मध्ये नेमकं काय निसटलं ते कळलं नाही, तर ती कशावर बोट ठेवून तपासणार?

मामा आता नाहीत. असते तर दर सोमवारी त्यांचा फोन आला असता. त्यांच्या वतीने मीच आपल्या दैनिकातून विचारते: सी६१चा कागद आला का?

आपली,
एक निवृत्त तपासनीस
चिंचवड, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)